पहिल्या पानासाठीची चढाओढ : शोधयंत्रे, क्रमवारी आणि विकला गेलेला विश्वास

२००३ सालच्या अखेरीस गूगलवर ‘मिझरेबल फेल्युअर’, म्हणजे ‘दारुण अपयश’, हे दोन शब्द शोधले की सर्वांत वर अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरील अधिकृत चरित्र येत असे. त्या चरित्रात हे शब्द कोठेही नव्हते. व्हाइट हाउसच्या संगणकांत कोणी घुसले नव्हते, की गूगलच्या कर्मचाऱ्यांनी खोडी काढली नव्हती. अनेक ब्लॉगलेखकांनी ठरवून आपापल्या पानांवर हे दोन शब्द लिहिले आणि त्यांना बुश यांच्या चरित्राचा दुवा जोडला, एवढेच. गूगलने या प्रकारावर उपाय केला तो जानेवारी २००७ मध्ये.

हा धागा त्या ‘वर आणण्याच्या’ आणि ‘वर येण्याच्या’ विद्येचा आहे. आज तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ, असे नाव आहे आणि तिच्यावर जगभर एक मोठा व्यवसाय उभा आहे. तिच्याकडे नुसत्या तांत्रिक युक्त्यांची जंत्री म्हणून पाहिले, तर तिच्यातला इतिहास निसटतो. कोणाचा शब्द आधी ऐकला जावा हे ठरवण्यासाठी एक मोजपट्टी तयार झाली. ती लोकांना कळताच मापात बसेल असा माल तयार होऊ लागला. मग मोजपट्टी बदलावी लागली. गेल्या तीस वर्षांत हे पुनःपुन्हा घडले आहे.

यादीत वर असण्याची किंमत लोकांना वेबच्या आधीही माहीत होती. अमेरिकेत टेलिफोनच्या ‘यलो पेजेस’ या धंदेवाईक सूचीत नावे वर्णानुक्रमाने छापली जात. साहजिकच कुलपे उघडून देणारे, नळ दुरुस्त करणारे, टॅक्सी चालवणारे आपल्या धंद्याचे नावच ‘एएए’ या अक्षरांनी सुरू करू लागले. ग्राहक सूची वरून वाचतो आणि पहिल्या दोनचार नावांपलीकडे क्वचितच जातो, एवढे साधे निरीक्षण त्यामागे होते. नावातले पहिले अक्षर आणि कामाचा दर्जा यांचा काही संबंध नाही हे ग्राहकालाही ठाऊक असे. तरी बोट पहिल्या नावावरच थांबे.

शोधयंत्राचा कणा मात्र टेलिफोनहून पुष्कळ जुना आहे. तेराव्या शतकात पॅरिसमधील डोमिनिकन साधूंनी ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या मार्गदर्शनाखाली लॅटिन बायबलची शब्दसूची सिद्ध केली : कोणता शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात येतो, याची. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ वेदिक कॉन्कॉर्डन्स’मध्ये वैदिक मंत्रांचे चरण कोठे कोठे आढळतात हे सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपाठोपाठ प्रतीक-सूचीचे खंड काढले, तेही याच जातीचे काम. ग्रंथ पानाकडून शब्दाकडे नेतो, सूची शब्दाकडून पानाकडे. संगणकशास्त्रात हिलाच ‘उलटी सूची’ म्हणतात आणि शोधयंत्रांच्या पोटात आजही तीच असते.

पण सूची फक्त ‘कोठे’ ते सांगते. ‘आधी कोणते’ ते सांगत नाही. एखादा शब्द दहा हजार कागदांत असेल, तर वाचकाच्या हाती पहिला कोणता द्यावा? केंब्रिजमधील संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये या प्रश्नाला एक सुंदर उत्तर दिले : शब्द जितका दुर्मीळ, तितके त्याचे वजन अधिक. मराठीतले उदाहरण घ्यायचे तर ‘आणि’ हा शब्द सगळ्याच कागदांत असतो, म्हणून तो कोणत्याच कागदाची ओळख पटवत नाही. ‘सरंजाम’ थोड्या कागदांत असतो, म्हणून तो ज्यात आहे तो कागद शोधणाऱ्याच्या कामाचा असण्याचा संभव मोठा. शब्द कागदात किती वेळा येतो आणि संग्रहात तो किती दुर्मीळ आहे, या दोहोंचा गुणाकार ही क्रमवारीची पहिली प्रतिष्ठित मोजपट्टी ठरली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन आणि त्यांचे सहकारी याच दिशेने काम करीत होते.

या मोजपट्टीत एक गृहीतक दडलेले होते. संग्रहातील निबंध किंवा बातमी ही शोधणाऱ्या यंत्राला फसवण्यासाठी लिहिलेली नसते, असे ते गृहीतक. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला बनावट सनदा आणि खोटे महजर नवे नाहीत; परंतु तेही एखाद्या वतनाच्या तंट्यात निवाडा करणाऱ्यांना फसवण्यासाठी रचलेले असतात, दोनशे वर्षांनी सूची करणाऱ्याला फसवण्यासाठी नव्हे. सूचीकाराला लक्ष्य करून लिहिलेला मजकूर ही वेबच्या काळाची निर्मिती आहे.

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेतून टिम बर्नर्स-ली यांचे वर्ल्ड वाइड वेब जगासमोर आले. आरंभी पाने इतकी थोडी होती, की उपलब्ध सर्व्हरांची यादी ते स्वतःच ठेवीत. दोनतीन वर्षांत ते अशक्य झाले. डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांनी ‘जंपस्टेशन’ सुरू केले. पानापानांवरून आपोआप फिरणारे यंत्र, त्याने भरलेली सूची आणि ती चाळण्याची सोय या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या. १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकर्टन यांच्या ‘वेबक्रॉलर’ने केवळ मथळे न घेता पानाचा संपूर्ण मजकूर सूचीत घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मार्टाइन कॉस्टर यांनी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ हा संकेत सुचवला : संकेतस्थळाच्या दारावर लावायची एक लहानशी पाटी, जिच्यावर फिरत्या यंत्रांनी आत कोठे जाऊ नये ते लिहिलेले असते. वर कसे दिसावे याचे नियम लिहिले जाण्याआधी, कोठे दिसू नये याचा नियम लिहिला गेला.

याहू ही त्या काळातली वेगळी वाट. स्टॅनफर्डचे विद्यार्थी जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी १९९४ मध्ये यंत्राऐवजी माणसांकडून वर्गवारी करवून घेणारी निर्देशिका उभारली. ग्रंथपालाचीच ही पद्धत. संपादक पान पाहणार, योग्य वर्गात ठेवणार. वर्गाच्या आत नावे बहुधा वर्णानुक्रमाने. त्यामुळे ‘एएए’ची जुनी युक्ती नव्या जगात पुन्हा अवतरली. पुढे व्यापारी संकेतस्थळांना लवकर तपासणी हवी असेल तर याहू शुल्क आकारू लागली. माणसांनी केलेली वर्गवारी वेबच्या वेगापुढे टिकणे शक्य नव्हते. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली.

यंत्रांच्या वाटेवर फसवणूक फार लवकर आली. मोजपट्टी शब्द मोजते ना, मग शब्द भरा. विमानाची तिकिटे विकणारा ‘स्वस्त तिकिटे’ हे शब्द पानाच्या तळाशी शेकडो वेळा लिही. ते वाचकाला दिसू नयेत म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत. पानाचा विषय यंत्राला सांगण्यासाठी ‘मेटा कीवर्ड’ नावाची एक अदृश्य जागा होती. लेखकाने तेथे प्रामाणिकपणे चारपाच कळीचे शब्द लिहावेत, ही अपेक्षा. ग्रंथाच्या मलपृष्ठावर लेखकानेच ‘हा उत्तम ग्रंथ आहे’ असे लिहावे आणि ग्रंथपालाने ते जसेच्या तसे नोंदवावे, असाच हा प्रकार. तेथे काय झाले असेल ते सांगायला नको. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले, की क्रमवारी ठरवताना ती जागा आपण विचारातच घेत नाही.

‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ हे नाव साधारण १९९७ च्या सुमारास रूढ होऊ लागले. त्या वेळी परिस्थिती किती बिघडली होती, याचे दोन दाखले सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नोंदवले आहेत. नोव्हेंबर १९९७ मध्ये आघाडीच्या चार व्यापारी शोधयंत्रांत स्वतःचेच नाव शोधले असता स्वतःचेच पान पहिल्या दहांत दाखवू शकणारे एकच होते. आणि ‘बिल क्लिंटन’ असे शोधले असता एका मोठ्या शोधयंत्राने जे पान दिले, त्यावर क्लिंटन यांना उद्देशून एक अपशब्दयुक्त वाक्य आणि एक छायाचित्र याखेरीज काहीच नव्हते. शब्दमोजणीच्या दृष्टीने यंत्राचे काही चुकले नव्हते. चार शब्दांच्या पानात दोन शब्द ‘बिल’ आणि ‘क्लिंटन’ असतील, तर त्याहून सुसंगत पान ते कोणते!

त्या निबंधातला उपाय विद्यापीठांच्या जगातून आला होता, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो लगेच ओळखीचा वाटावा. १८७३ पासून अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांच्या नावाची एक सूची वकिलांच्या वापरात होती : एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, तो मान्य झाला की फेटाळला गेला, याची. तिच्यापासून प्रेरणा घेऊन यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी अशीच संदर्भसूची असावी असे मांडले आणि पुढील दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आणली. निबंध किती महत्त्वाचा, हे त्याच्या लेखकाने सांगायचे नाही. त्याचा आधार घेणाऱ्या इतरांनी सांगायचे.

पेज आणि ब्रिन यांनी तळटीपेच्या जागी वेबवरचा दुवा ठेवला. एका पानाने दुसऱ्या पानाला दुवा दिला, की ते एक मत. पण सगळी मते सारखी नव्हेत; ज्या पानाला स्वतःला पुष्कळ आणि वजनदार मते मिळालेली आहेत, त्याच्या मताला अधिक वजन. आणि जे पान शंभर ठिकाणी दुवे देते, त्याचे वजन शंभरांत वाटले जाते. हे गणित समजण्यासाठी त्यांनी एका कल्पित वाचकाचे चित्र रेखाटले : तो एका पानावरून दुसऱ्यावर वाटेल तो दुवा दाबत भटकतो आणि मधूनच कंटाळून कोठल्यातरी नव्याच पानावर उडी मारतो. दीर्घकाळ असे भटकल्यावर तो ज्या पानावर अधिक वेळा सापडेल, ते पान महत्त्वाचे. या मोजमापाला ‘पेजरँक’ नाव पडले. त्यात पेज यांचे आडनाव आणि ‘पान’ हा अर्थ, दोन्ही आहेत. (ही कल्पना एकट्या स्टॅनफर्डला सुचली असे नाही. दुव्यांवरून क्रम लावणारे ‘रँकडेक्स’ रॉबिन ली यांनी १९९६ मध्ये तयार केले होते; पुढे त्यांनीच चीनमध्ये ‘बायडू’ स्थापन केली. १९९८ च्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग यांनीही दुव्यांवर आधारित वेगळी पद्धत मांडली.)

काही वर्षे पेजरँकने विलक्षण काम केले, आणि त्याचे कारण गणितात जितके आहे तितकेच समाजात आहे. १९९८ पूर्वीचे दुवे हे बहुतांशी निर्हेतुक होते. कोणा प्राध्यापकाला एखादे पान आवडले, त्याने दुवा दिला. क्रमवारीचा विचार त्याच्या मनात नव्हता, कारण दुव्याने क्रम ठरतो हे कोणाला माहीतच नव्हते. पेजरँकने हा साठलेला निरागस विश्वास मोजला. मोजला गेल्यावर मात्र तो निरागस राहिला नाही.

२००० साली गूगलने ब्राउझरला जोडायची एक पट्टी आणली. तीत प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा हिरव्या रेघेने दिसे. एका अर्थाने ही फार मोठी चूक होती. आजवर अदृश्य असलेल्या विश्वासाला जणू बाजारभाव मिळाला. सात गुणांच्या पानावरील दुव्याला एक किंमत, चार गुणांच्या पानावरील दुव्याला दुसरी. दुव्यांची खरेदी-विक्री, अदलाबदल, केवळ दुवे देण्यासाठीच उभारलेली शेकडो पोकळ संकेतस्थळे, ब्लॉगांखालच्या प्रतिक्रियांत यंत्राने टाकलेल्या औषधांच्या जाहिराती, असा सगळा बाजार भरला. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. हा दुवा आहे, पण हे मत समजू नये, असा तिचा अर्थ. ती हिरवी रेघ गूगलने काढून टाकली तोवर २०१६ उजाडले होते.

या बाजारातून एक न्यायालयीन लढा उभा राहिला, आणि तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत कमी चर्चिलेला पण सर्वांत दूरगामी प्रसंग म्हणावा लागेल. ओक्लाहोमातील ‘सर्चकिंग’ ही कंपनी चांगल्या पेजरँकच्या पानांवर जाहिरातींचे दुवे मिळवून देण्याचा धंदा करी. २००२ मध्ये तिचा आणि तिच्याशी संबंधित पानांचा पेजरँक एकाएकी घसरला. आपला धंदा बुडवण्यासाठी गूगलने हे मुद्दाम केले, असा आरोप करून कंपनी न्यायालयात गेली. मे २००३ मध्ये संघीय न्यायालयाने दावा फेटाळला. पेजरँक हे एखाद्या पानाच्या महत्त्वाविषयीचे मत आहे; मत हे वस्तुस्थितीसारखे खरे-खोटे ठरवता येत नाही; त्याला अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण आहे, असा निकालाचा आशय. एकीकडे वाचकाला वाटत होते की यंत्र वस्तुनिष्ठपणे मोजते आहे. दुसरीकडे न्यायालयात ते मोजमाप ‘मत’ म्हणून वाचले.

शिक्षा देण्याचा अधिकार अशा रीतीने यादी करणाऱ्याच्या हाती राहिला आणि तो वापरला गेला. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलने सूचीतून काढले. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे दाखवले जात होते. काही दिवसांत ते परत घेतले गेले. छोट्या दुकानदाराला इतक्या लवकर माफी मिळाली असती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

त्याहून गाजले ते २०११ चे प्रकरण. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या लक्षात आले, की जे. सी. पेनी ही दुकानांची साखळी कपडे, चादरी, गालिचे, अशा असंख्य शोधांत महिनोन्‌महिने पहिली येते. ‘सॅम्सोनाइट’च्या हातबॅगा शोधल्या, तरी खुद्द सॅम्सोनाइटच्या आधी पेनी! तपास केल्यावर दोन हजारांहून अधिक पानांवर पेनीचे दुवे पेरलेले आढळले, आणि त्यांतील कित्येक पानांचा कपड्यांशी काडीचाही संबंध नव्हता. हे आपल्या सांगण्यावरून झाले नाही, असे कंपनीने म्हटले आणि एसईओचे काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकले. गूगलने कारवाई केली त्या संध्याकाळी सॅम्सोनाइटच्या हातबॅगांसाठी पहिल्या क्रमांकावर असलेली पेनी अवघ्या दोन तासांत ७१व्या क्रमांकावर गेली. नाताळचा खरेदीचा हंगाम मात्र तोवर पार पडून गेला होता.

त्याच महिन्यात दुसऱ्या आघाडीवर युद्ध पेटले. लोक काय शोधतात हे पाहून त्यावर घाऊक, स्वस्त, उथळ लेख लिहवून घेणारे ‘मजकुराचे कारखाने’ अमेरिकेत उभे राहिले होते. त्यांतील सर्वांत मोठी कंपनी डिमांड मीडिया जानेवारी २०११ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे बाजारमूल्य ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कंपनीहून अधिक भरले. महिन्याभरात, फेब्रुवारीच्या अखेरीस, गूगलने ‘पांडा’ हा बदल लागू केला. नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून त्याला हे नाव मिळाले. अस्वलाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांच्या निकालांवर त्याचा परिणाम होईल, असे गूगलने सांगितले होते. एप्रिल २०१२ मध्ये विकत घेतलेल्या दुव्यांविरुद्ध ‘पेंग्विन’ आला. या दोन बदलांनी अनेक धंदे रातोरात बसले. त्यांत लबाड होते, तसेच कोणा सल्लागारावर विसंबून दुवे विकत घेतलेले, नियम नीट न कळलेले लहान दुकानदारही होते.

एवढे होऊनही एसईओला सरसकट लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. या कलेचा एक मोठा भाग ग्रंथपालाच्या कामाच्या जवळचा आहे. पानाला नेमका मथळा द्यावा. विषय काय आहे ते पहिल्या परिच्छेदात कळावे. एक पान दुसऱ्याशी अर्थपूर्ण दुव्याने जोडलेले असावे. पान लवकर उघडावे, फोनवर नीट वाचता यावे (एप्रिल २०१५ पासून गूगलने फोनवरील निकालांसाठी हा निकषच केला). आणि सर्व पानांची एक यादी यंत्राच्या हाती द्यावी. ‘साइटमॅप’ नावाची ही पद्धत २००६ मध्ये मोठ्या शोधयंत्रांनी मिळून स्वीकारली. यांपैकी कशातही वाचकाची फसवणूक नाही. या क्षेत्राचे आरंभापासूनचे वार्ताहर डॅनी सलिव्हन यांनी वीसएक वर्षे शोधयंत्रांवर बाहेरून लिहिले. २०१७ मध्ये ते गूगलमध्येच दाखल झाले आणि शोधाविषयी लोकांशी बोलणारे गूगलचे प्रतिनिधी बनले.

फसवणाऱ्यांची गोष्ट सांगताना यादी करणाऱ्याची गोष्ट राहून जाते. १९९८ च्या त्या निबंधाच्या परिशिष्टात ब्रिन आणि पेज यांनीच बजावले होते, की जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, वाचकांकडे नव्हे. त्याच वर्षी बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ने शोधाच्या निकालातील जागा उघडपणे लिलावात विकायला काढल्या होत्या आणि विद्वानांनी नाके मुरडली होती. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ‘अ‍ॅडवर्ड्स’ आणले. जाहिरात आणि निकाल वेगळे ठेवण्याचे पथ्य तिने पाळले हे खरे. परंतु निबंधातला इशारा आणि कंपनीचा उत्पन्नाचा मार्ग यांच्यातले अंतर दोन वर्षांचेच होते.

पुढचे प्रश्न नियामकांनी विचारले. यादी करणाराच यादीत उतरला तर काय? फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. त्याआधी २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने स्वतःच्या खरेदीसेवेला झुकते माप दिल्याबद्दल २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी मे महिन्यापासून अमेरिकेत गूगल निकालांच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश देऊ लागले होते. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्याही वर आता एक जागा आहे, आणि ती यादी करणाऱ्याने स्वतःकडे ठेवली आहे.

या सर्व लढाया प्रामुख्याने इंग्रजीत लढल्या गेल्या. त्या ऐन भरात होत्या तेव्हा मराठी पानांपुढचा प्रश्न वर येण्याचा नव्हताच. मुळात दिसण्याचा होता. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी मजकूर ज्या फाँटांत वेबवर चढवला जाई, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट संगणकावर असेल, तर डोळ्यांना अस्खलित मराठी दिसे. यंत्राच्या सूचीत मात्र रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक चुरा जमा होई. प्रत्येक फाँटची मांडणी निराळी, म्हणून चुराही निराळा. ‘रायगड’ हा शब्द एका संकेतस्थळावर एका रूपात, दुसऱ्यावर दुसऱ्याच. आणि ‘रायगड’ असे शोधणाऱ्याला दोन्ही अप्राप्य. त्या काळात कोणी मराठीत कितीही चांगले लिहिले असते, आणि त्याला कितीही दुवे मिळाले असते, तरी त्याच्या मजकुरातला एकही शब्द सूचीत नव्हता.

विरोधाभास असा, की उपाय तयारच होता. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांच्या परिचयाची होती. तिच्याच आधाराने देवनागरीला १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली. पण घरोघरच्या संगणकांत युनिकोड देवनागरी पोचायला विंडोज २००० आणि विंडोज एक्सपीची वाट पाहावी लागली. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्ये. पुढल्या काही वर्षांत वृत्तपत्रांनी आपली संकेतस्थळे बदलली. जी बदलली नाहीत किंवा बंद पडली, त्यांतला मजकूर शोधाच्या दृष्टीने हरवल्यातच जमा आहे.

युनिकोड आल्यावरही सगळे सुरळीत झाले नाही. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. छापल्यावर दोन्ही सारखे. यंत्राला मात्र, वेगळे शिकवले नसेल तर, ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ च्या युनिकोड ५.१ आवृत्तीत, त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला. शिवाय मराठीची मूळ प्रकृती अशी, की ‘घर’ हा शब्द घरात, घराला, घरांमध्ये, घरापासूनच्या अशा रूपांनी सर्वत्र विखुरतो. स्पार्क जोन्स यांची शब्दांच्या दुर्मीळतेची मोजणी येथे अडखळते, कारण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यंत्राला सोलता आली नाहीत, तर एक नेहमीचा शब्द वीस दुर्मीळ शब्दांसारखा दिसू लागतो.

आणि ज्यात अक्षरेच नाहीत, केवळ पानांची छायाचित्रे आहेत, अशा मराठी ग्रंथांचा साठा फार मोठा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचे २२ खंड आहेत. त्यांच्या प्रतिमा वेबवर मिळतात, डोळ्यांनी वाचताही येतात. पण एखाद्या पत्रात आलेले आडवाटेचे गाव किंवा कारकुनाचे नाव शोधयंत्राला सापडायचे, तर ते पान आधी अक्षरांत उतरलेले असावे लागते. संगणकाकडून अक्षरओळख करून घेता येते; जुन्या छपाईत ती चुकते, जोडाक्षरे फुटतात, काना-मात्रा गळतात. मराठी विकिस्रोतावर काही स्वयंसेवक हे काम एकेक पान समोर ठेवून करतात : डाव्या बाजूला अक्षरे, उजव्या बाजूला जुन्या पानाचे छायाचित्र.